कुमकाका गप्प बसला

आमच्या यासेनोविक गावच्या डुकरांच्या बाजारात स्रेदोये एका टोकाला उभा राहून भाव बोलला, की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक तिथूनच घासाघीस सुरू करायचं. असा त्याचा आवाज. त्याने मोबाइल घेतला तेव्हा त्याची बायको स्तानोय्का म्हणाली होती, "पैसे फुकट घालवलेस. खिडकीतून बोलला असतास तरी पोचलं असतं." तर अशा माणसाच्या अंगणात जुलैतल्या एका संध्याकाळी रादिसाव येऊन अक्रोडाखाली बसला, आलुबुखाराची घरची दारू, राकिया, पीत राहिला, आणि पेला पुन्हा पुन्हा भरून झाला तरी मुद्द्यावर येईना.

रादिसाव त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. नुसता दोस्त असता तर स्रेदोयेने त्याला केव्हाच गदागदा हलवून बोलतं केलं असतं. पण स्रेदोये त्याच्या घरचा कुम होता. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला जो हातात धरतो तो कुम, आणि एकदा धरलं की तो आणि बाळाचा बाप एकमेकांचे कुम; ते नातं मरेपर्यंत सुटत नाही. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमशी भांडायची सोय नाही. कुमला वगळून घरात साधा केकसुद्धा कापता येत नाही. रादिसावची एकुलती एक लेक नेवेना, तिला स्रेदोयेने हातात धरलं होतं. पाणी अंगावर पडताच ती अशी किंचाळली की पाद्री दचकला, आणि स्रेदोये गावभर सांगत सुटला, की पोरीचा आवाज माझ्यावर गेलाय.

"कोण मेलं?" शेवटी स्रेदोयेनेच विचारलं.

"कुणी नाही रे. नेवेना आलीय ग्राझहून."

"माहीत आहे. गावातल्या प्रत्येक खांबावर तिचा फोटो आहे. दुधाच्या दुकानावर आहे, बसथांब्यावर आहे. मी काय आंधळा आहे?"

हे बोलताना त्याचा आवाज चिरकला. खांबांवर ते कागद लागल्यापासून तो आतल्या आत जळत होता. शनिवारी संस्कृती भवनात, परदेशात ग्राझला व्हायोलिन शिकलेल्या नेवेनाच्या चौकडीची मैफल: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. आधी शास्त्रीय, मग बोस्नियाची, मॅसेडोनियाची, आपल्याकडची जुनी गाणी, आणि शेवटी कोलो, हातात हात धरून नाचायचा आमचा फेर. सगळ्या गावाला घरोघर जाऊन आमंत्रण, आणि कुमला मात्र ते खांबावर वाचावं लागतंय.

रादिसावने खिशातून एक पातळ गुलाबी तिकीट काढलं. "तुला पाठवलंय तिने. पहिली रांग. मागे बघ."

मागे पेनाने लिहिलं होतं, 'कुमकाकांसाठी.'

स्रेदोयेने ते वाचलं, हात शर्टाला पुसले आणि परत वाचलं. मग त्याने रादिसावकडे पाहिलं. "आणि? तुझं तोंड अजून व्हिनेगर प्यायल्यासारखं का आहे?"

"तिच्या काही अटी आहेत."

"कुमला अटी?"

"उठायचं नाही. ओरडायचं नाही. बरोबर गायचं नाही. सगळे टाळ्या वाजवतील तेव्हाच वाजवायच्या. आणि..." रादिसाव पेल्यात बघत म्हणाला, "नोट लावायची नाही."

आता हे म्हणजे अतीच झालं. वाजवणाऱ्याने जीव खूश केला, की खिशातून नोट काढायची, जिभेला लावायची आणि त्याच्या कपाळावर चिकटवायची, ही आमच्याकडची रीत. त्यात वाजवणाऱ्याचा मान असतो आणि लावणाऱ्याचाही. स्रेदोयेने तर त्याचं शास्त्रच केलं होतं. कपाळ घामेजलेलं असलं की नोट बसते; थंड, कोरडं असलं की घसरते, मग कितीही थुंकी लावा. म्हणून लग्नात तो अकॉर्डियनवाल्याला आधी भरपूर दमू द्यायचा.

"अरे, तिच्या पहिल्यावहिल्या कार्यक्रमात मीच नोट लावली होती," तो म्हणाला.

ही त्याची आवडती गोष्ट. घराण्याच्या संताच्या सणाला, स्लावाला, पंगत बसली की डुकराची तंगडी कापता कापता तो ती दरवर्षी सांगायचा. फेब्रुवारी महिना, भवनातली शेगडी बंद, दहा वर्षांची नेवेना मंचावर धनगरांची ती जुनी चाल वाजवतेय. मग तो ती चाल गुणगुणायचा, वर वर चढत जाऊन एका उंच सुरावर थांबायचा आणि म्हणायचा, "बस, इथे मला राहवलं नाही. उठलो, मंचावर गेलो, लावली नोट. आणि पोरगी लाजून पळाली." सगळे हसायचे. रादिसावही हसायचा.

"लाजून नाही पळाली," आज रादिसाव म्हणाला. "नोट तिच्या डोळ्यांवर घसरली. तिला पुढचं दिसेना, हात चुकला, आणि सगळं भवन हसलं. रात्रभर रडत होती. त्यानंतर तिने शपथ घातली, कुमकाकांना माझ्या कार्यक्रमाचं कधी सांगायचं नाही."

स्रेदोयेच्या हातात बाटली तशीच राहिली. नोव्ही साद, बेलग्रेड, मग ग्राझ, सगळीकडे तिचे कार्यक्रम झाले होते. प्रत्येक वेळी रादिसाव सांगायचा, अरे ऐन वेळी ठरलं, अरे तिकिटं संपली. आणि स्रेदोये म्हणायचा, असू दे, पोरगी मोठी झाली, सगळीकडे गर्दी होते.

"आणि तू इतकी वर्षं माझ्या पंगतीला बसून हसत होतास?"

"तू कुम आहेस. कुमला कसं सांगायचं?"

स्रेदोयेने तिकीट बाकावर ठेवलं आणि कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "मी येत नाही."

वाटेल ते नुकसान होवो, पण माघार नाही, असा जो हट्ट, त्याला आमच्याकडे इनात म्हणतात, आणि स्रेदोयेच्या घरात तो मिठामिरचीसारखा कायम असायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने इनात चालवला. जेवताना स्तानोय्काने त्याच्या ताटात भरली मिरची वाढली आणि शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे तुझं. नको जाऊस. ती पुढच्या वेळीही बोलावणार नाही, लग्नालाही लाजतच बोलवेल. तू आपला खांबावरचा फोटो बघत बस. पावसात भिजेपर्यंत दिसेल."

स्रेदोयेने मिरची तशीच ठेवली. वाईट कशाचं वाटलं होतं हे त्याचं त्यालाच तेव्हा नीट कळलं. अटींचं नव्हतं. परवा दुकानात नेवेना भेटली होती, आणि म्हणाली होती, "कुमकाका, कसे आहात तुम्ही?" तुम्ही. जिला त्याने खांद्यावर बसवून डुकरं दाखवली, जी त्याच्या टोपीत चेरी गोळा करायची, ती त्याला तुम्ही म्हणाली, तहसीलदाराशी बोलावं तसं. ते त्याला रात्रभर टोचत होतं.

"एक तास गप्प बसायचं ना?" तो म्हणाला. "त्यात काय मोठं."

"तू झोपेतसुद्धा एक तास गप्प नसतोस," स्तानोय्का म्हणाली.

मग तालीम सुरू झाली. जेवणं झाली की स्तानोय्का स्वयंपाकघरात रेडिओवर शास्त्रीय संगीत लावायची आणि स्रेदोयेला सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवायची. पहिल्या संध्याकाळी वाद्यं थांबताच तो "शाब्बास रे वाघा" म्हणून ओरडला आणि शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याला डुलकी लागली. तिसऱ्या संध्याकाळी तो हातांचं काय करायचं म्हणून विचारायला लागला, कारण हात आपोआप वर यायचे. शेवटी स्तानोय्काने सांगितलं, ढुंगणाखाली घे. तेव्हा जमलं.

टाळ्यांचं मात्र त्याला फार पटलं. स्तानोय्काने शाळेच्या संगीत शिक्षिकेकडून समजून आणलं होतं, की चौकडीच्या रचनेचे चार भाग असतात. वाजवणारे तीनदा थांबतात, ते थांबणं खोटं. चौथं थांबणं खरं, तेव्हा टाळ्या.

"म्हणजे गिऱ्हाईकासारखं," स्रेदोये म्हणाला. "आधी पाठ फिरवून निघतं, ते खोटं. शेवटी निघतं ते खरं. हे मला आधी कुणी सांगितलं नाही."

बाजारात त्याने सवय म्हणून हळू बोलायला सुरुवात केली आणि धंद्याची पार वाट लागली. भाव कानात सांगितला की लोकांना वाटायचं डुक्कर आजारी आहे. कुणीतरी उठवलं की स्रेदोयेला घशाचं काहीतरी भयंकर झालंय. दोन म्हाताऱ्या काढ्याची पानं घेऊन घरी आल्या, आणि पाद्रीने रस्त्यात थांबवून त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

शनिवारी असा उकाडा होता की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. स्रेदोयेने काळा सूट चढवला, हात खिशात घालायला गेला, आणि हात आत जाईना.

"हे काय?"

"शिवलेत," स्तानोय्का म्हणाली. "सगळे. आतलासुद्धा. तुझे हात मला माहीत आहेत."

तो यावर चांगला अर्धा तास बोलला असता, पण आज त्याने आवाज जपून ठेवला होता. दोघं निघाली. फाटकाशी येऊन स्रेदोये थांबला, कुंपणाला धरून त्याने एक बूट काढला, मोजा खाली केला आणि घडी घातलेली नोट काढून बायकोच्या हातात दिली.

"हे ठेव घरात," तो म्हणाला. "मला माझाच भरवसा नाही."

स्तानोय्का परत आत गेली, नोट साखरेच्या डब्याखाली ठेवली, आपली पर्सही तिथेच ठेवली आणि बाहेर आली. एरवी तिने त्याला दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. आज तिने नुसता त्याचा दंड धरला, आणि भवनापर्यंत सोडला नाही.

भवनात पोचतो तर काय, रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. समोर दारही उघडं. म्हणजे आरपार वारा, प्रोमाया. आमच्याकडे माणूस युद्धातून परत येतो, दारूतून वाचतो, पण मानेवर प्रोमाया बसली की तोंड वाकडं होतं, कान जातो, मूत्रपिंडाला गारठा लागतो. हे आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. रांगारांगांतून बायका मानेभोवती रुमाल गुंडाळत होत्या आणि स्रेदोयेकडे बघत होत्या, कारण गावात खिडक्या बंद करायचं काम पहिल्यापासून त्याचं.

मैफल अजून सुरू झाली नव्हती. न उठायची अट मैफलीची होती. त्याने हिशेब केला, उठला, आणि सगळ्या खिडक्या धडाधड लावून टाकल्या.

पडद्यामागून एक उंचच उंच, लाल कानांचा तरुण आला. तो चेलोवाला फ्लोरियान, ग्राझचा. त्याने हसून सगळ्यांना मान लववली आणि खिडक्या परत उघडल्या. स्रेदोये उठला आणि लावल्या. त्याने फ्लोरियानला हातवारे करून नीट समजावलं: आधी मान दाखवली, मग कान, मग कंबर, मग दोन्ही हात छातीवर घडी करून डोळे मिटले. फ्लोरियानला वाटलं या गृहस्थाला झोप आलीय. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि खिडकी उघडली.

तेवढ्यात नेवेना बाहेर आली. काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले, हातात व्हायोलिन. स्रेदोये एका हाताने खिडकीची कडी धरून उभा होता.

"कुमकाका," ती म्हणाली, "तुम्ही सुरुवात केलीत का?"

"सुरुवात नाही गं. वारा येतोय. तुझीच मान..."

"आत भट्टी पेटेल. आमच्या तारा उतरतील."

"तारा चढवता येतात," मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली. "मान येत नाही."

साऱ्या भवनातून होकाराची कुजबुज झाली. नेवेनाने एकदा त्या रुमाल बांधलेल्या बायकांकडे पाहिलं, एकदा फ्लोरियानकडे पाहिलं, आणि ती परदेशात शिकली असली तरी शेवटी यासेनोविकची होती. "राहू द्या बंद," ती म्हणाली. "पण आता तुम्ही बसून राहा, कुमकाका. प्लीज."

ते 'प्लीज' फार थकलेलं होतं. स्रेदोये जाऊन बसला, गुलाबी तिकीट मुठीत धरलं आणि हात खाली घेतले.

पहिला भाग झाला. तीन मिनिटांतच भवन तंदूर झालं होतं, पण स्रेदोये हलला नाही. खरं सांगायचं तर ते संगीत त्याला अर्धं कळलं, अर्ध्यात तो नेवेनाचं कोपर बघत होता. लहानपणी ते कसं बाहेर यायचं आणि आता कसं पाण्यासारखं फिरतंय. वाद्यं थांबली. हे थांबणं खोटं, त्याने मनात म्हटलं. आणि त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतले नगराध्यक्ष दणादण टाळ्या वाजवायला लागले.

स्रेदोयेच्या आयुष्यात असा क्षण कधी आला नव्हता. नगराध्यक्ष चुकत होते आणि त्याला बरोबर माहीत होतं. त्याच्याच्याने राहवलं नाही. तो वळला, बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाला, "श्श्श."

आता माणसाने बाजारात आवाज कमावलेला असला, की त्याचा श्श्शही तसलाच असतो. टाळ्या थांबल्या, कुजबुज थांबली, बाहेर रस्त्यावर एक सायकलवाला थांबला. मग सगळं भवन हसलं.

नेवेनाने मान वळवून पाहिलं. स्रेदोयेचं तोंड उतरलं. तेच भवन, तेच हसणं, आणि या वेळी त्याला ऐकू आलं की ते कसं असतं. त्याने हात पुन्हा खाली घेतले आणि मनाशी ठरवलं, की आता छप्पर कोसळलं तरी आपण दगड.

आणि तो खरोखरच दगड झाला. उरलेले तिन्ही भाग झाले, टाळ्या झाल्या. मग बोस्नियाचं एक जुनं विरहाचं गाणं आलं, शब्दांशिवाय, नुसत्या तारांवर. मागे बायका मुसमुसायला लागल्या. असल्या गाण्यावर स्रेदोये एरवी पेला भिंतीवर फोडून मोकळा होतो. आज रुमाल काढावा म्हटलं तर खिसा शिवलेला, म्हणून त्याने टायचं टोक दातात धरलं आणि डोळे वाहू दिले. मॅसेडोनियाच्या नाचाला सात मात्रा, पाय कसे आवरणार. त्याने एक पाय दुसऱ्यावर आवळून ठेवला. रादिसावने पलीकडून हळूच विचारलं, "ठीक आहेस ना रे?" तर त्याने मानसुद्धा हलवली नाही.

शेवटी कोलो सुरू झाला. आता कोलो म्हणजे कोलो. तो व्हायोलिनवर वाजला काय आणि डब्यावर वाजला काय, यासेनोविकचा माणूस बसून राहत नाही. आधी मागच्या रांगेतली म्हातारी उठली, तीच मानेवाली. मग रादिसाव उठला. मग सगळे हातात हात धरून खुर्च्यांमधल्या वाटेने निघाले, नगराध्यक्ष घाम पुसत मधे, स्तानोय्कालाही कुणीतरी ओढलं. फ्लोरियान चेलो वाजवता वाजवता आ वासून बघत होता. सगळं भवन टाळ्यांनी दणाणलं.

टाळ्या आता चालल्या असत्या; सगळेच वाजवत होते, अटीत बसत होतं. पण हात एकदा बाहेर काढले तर पुढे ते कुठे जातील याची स्रेदोयेला खात्री नव्हती. नाचणाऱ्यांची माळ दोनदा त्याच्यासमोरून गेली, दोनदा लोकांनी त्याला ओढलं. "सोडा," तो दातांतून म्हणाला. "मला मनाई आहे." लोकांना वाटलं डॉक्टरची मनाई असणार, घशाचं तर ऐकलंच होतं. त्यांनी त्याला सोडलं. सगळ्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये तो एकटा, काळ्या सुटात, हातांवर बसलेला, कपाळावरून घामाच्या धारा, आणि टायचं टोक ओलं.

कोलो संपला. माणसं धापा टाकत जागच्या जागी उभी राहिली. नेवेना खुर्चीतून उठली, पण तिने मान लववली नाही. ती स्रेदोयेकडे बघत होती. मग पायऱ्या उतरून ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बरं वाटत नाहीये का?"

"छान आहे मी," स्रेदोये कुजबुजला.

"मग सगळं गाव नाचतंय, आणि तू एकटाच बसलायस, हे बरं दिसतं का कुमकाका?"

तू. "तूच सांगितलंस ना," तो म्हणाला. "उठायचं नाही."

नेवेनाने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि वाजवायला लागली. पहिल्याच सुराला स्रेदोयेने ओळखलं. धनगरांची ती चाल. ती वर चढत गेली, वर, अजून वर, त्या उंच सुरापर्यंत. तिथे तिने गज उचलला.

"इथे थांबले होते," ती म्हणाली, आणि कपाळ पुढे केलं. "लाव आता."

स्रेदोयेचे हात उजेडात आले. उजवा हात खिशाकडे गेला आणि शिवणीवर आपटला. डावा गेला. मग आतला खिसा. तो स्वतःच्या अंगावर असा थापट्या मारत राहिला की फ्लोरियानला वाटलं हाही एक नाचच आहे. त्याने भवनाच्या पार टोकाला बायकोकडे पाहिलं.

"साखरेच्या डब्याखाली," स्तानोय्का हताश होऊन म्हणाली.

रादिसावने घाईघाईने स्वतःची नोट काढून पुढे केली. स्रेदोयेने त्याचा हात झटकला. "दुसऱ्याच्या नोटेने कुमपण करू? वेडा झालास?"

"वाकू किती वेळ?" नेवेना म्हणाली. "मान अवघडली."

तेव्हा त्याला मुठीतलं तिकीट आठवलं. घामाने त्याचा लगदा व्हायचाच बाकी होता. गुलाबी रंग तळव्याला लागला होता. 'कुमकाकांसाठी' मात्र अजून वाचता येत होतं. त्याने ते उलगडलं, जिभेला लावलं, आणि बसल्या बसल्याच, उठायचं नाही म्हणून, हात लांब करून तिच्या कपाळावर चिकटवलं. अंगठ्याने दाबलं. मग श्वास रोखून हात मागे घेतला.

तिकीट पडलं नाही. बंद खिडक्यांच्या त्या भट्टीत तिचं कपाळ असं निथळत होतं की पुढच्या आठवड्यापर्यंत पडलं नसतं.

स्रेदोयेने मंचावरच्या फ्लोरियानकडे पाहून बंद खिडक्यांकडे बोट केलं, मग कपाळाकडे. "बघितलंस?" तो म्हणाला. "आणि तू उघडायला निघाला होतास."

नेवेना हसली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने गज पुन्हा तारांवर ठेवला. चाल त्या उंच सुरावरून निघाली. स्रेदोयेने ती इतकी वर्षं इतक्या पंगतींना म्हणून दाखवली होती, पण इथपर्यंतच. यापुढे काय आहे ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर आला. सूर वळला, खाली उतरायला लागला, सावकाश, संध्याकाळी मेंढरं घरी येतात तसा, आणि भवनात कुणी हललं नाही.

स्रेदोये रादिसावकडे झुकला आणि त्याच्या कानात कुजबुजला. ती कुजबुज मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू गेली.

"अरे कुम, ही पुढे खाली उतरते होय?"

आणि या वेळी नेवेना थांबली नाही.